दांडिया बाजारच्या ओटल्यावर सिंधू आणि सुधाकर

"'एकच प्याला'त सिंधूवर दुःख कोसळतं, तिचा नवरा सुधाकर ते ओढवून घेतो. म्हणून शोकांतिका सुधाकरचीच," असं प्राध्यापक म्हणाले आणि वकील सरसावून बसले.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओटल्यावर दुकानं बंद झाल्यावर चार-पाच जण जमतो. विषय कुठलाही निघो, फिरून नाटकावर येतो, आणि नाटकावर आला की 'एकच प्याला'वर. बडोदेकरांचा त्या नाटकावर हक्कच आहे. नाटककार राम गणेश गडकरी जन्मले नवसारीला, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानात. आणि गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग केला तोही इथंच, २० फेब्रुवारी १९१९ ला. गडकरी त्याआधी महिनाभरही नाही, २३ जानेवारीला गेले. वय ३३. आजारपणात पदं रचायचंही राहून गेलं, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. बालगंधर्वांची सिंधू गडकऱ्यांनी पाहिलीच नाही, हे आठवलं की मला दर वेळी चुटपुट लागते.

प्राध्यापकांनी जन्मभर नाट्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे ते मुळापासून सुरुवात करतात. ॲरिस्टॉटलच्या मते नायक देवमाणूस नको, दुर्जनही नको. आपल्यातलाच वाटावा असा हवा, आणि तो दुष्टपणानं नव्हे तर हातून घडलेल्या चुकीनं खाली यावा. तरच त्याच्यासाठी जीव कळवळतो आणि स्वतःपुरती धास्ती वाटते. सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात खटका उडाला, सनद काही काळापुरती गेली, तो अपमान गिळता येईना म्हणून पहिला प्याला. "दारू नंतर आली," प्राध्यापक म्हणाले. "आधी मान."

"त्या दारुड्या तळीरामानं पाजली," वकील म्हणाले.

"तळीराम नसता तर दुसरा कुणी भेटला असता. ग्रीक नाटकातल्या ईडिपसला कुणी पाजली होती? राजाचा खुनी शोधून काढीनच म्हणून हट्टाला पेटतो, आणि खुनी तोच निघतो. ज्या गुणासाठी माणसाला डोक्यावर घेतात, तोच त्याला बुडवतो."

इथपर्यंत मला पटत होतं. वहिनींना, म्हणजे वकिलांच्या मंडळींना, पटलं नाही.

"सर, सिंधूला भाऊ घरी न्यायला आलाय. श्रीमंत आहे, दार उघडं आहे. तरी ती जात नाही, जात्यावर बसते. पोटचं पोर जातं, स्वतः मरायला टेकते, आणि फौजदार विचारतो तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नाही. ह्याला नुसतं सोसणं म्हणायचं? सुधाकरनं निम्मं नशेत केलं. तिनं एकूण एक गोष्ट शुद्धीत केली."

"शुद्धीत केली म्हणून बरोबर केली का?" वकील उसळले. "मार खाल्लेली बाई जबानीत सांगते, जिन्यावरून पडले. माझी केस तिथंच संपते. तिला नाटकातली थोर नायिका केलंत की पुढची बाईही जिन्यावरूनच पडणार."

हा मुद्दा साधा नव्हता. शंभर वर्षं सिंधूच्या नावानं डोळे पुसले गेले, आणि त्यातल्या किती घरांत सुनेला तिचंच उदाहरण दिलं गेलं असेल! पण वहिनी डगमगल्या नाहीत. "बरोबर कोण म्हणतंय? सुधाकरचं पिणं तरी कुठे बरोबर होतं? त्याला चुकायची मुभा, तो नायक. ती चुकली की म्हणे बिचारी."

प्राध्यापकांनी मग संस्कृत नाटककार भास काढला. संस्कृत नाटक गोड शेवटाकडे जातं, रंगमंचावर मरण टाळतं; पण 'ऊरुभंगा'त दुर्योधन मांड्या मोडून पडलाय आणि लहानगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो. बापाला नाही म्हणावं लागतं. "केलेल्या कर्माचं फळ असं समोर येऊन उभं राहतं," ते म्हणाले. "शोकांतिका करणाऱ्याची, ती ह्याच अर्थानं."

मी म्हटलं, "सर, त्या प्रसंगात आपला जीव तुटतो तो पोरासाठी. दुर्योधनाला निदान ठाऊक असतं आपण काय केलं ते."

मग वहिनींनी वडिलांची गोष्ट सांगितली. ते मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. खराब माल पास करायला नकार दिला, वरच्या साहेबाशी वाजलं. लेखी माफी द्या, मिटवून टाकू, असा निरोप आला. दिली नाही. नोकरी गेली, लेबर कोर्टात केस उभी राहिली, आणि आई फॉल-पिकोची कामं घेऊ लागली.

"संध्याकाळी लोक यायचे. बाबांना म्हणायचे, माणूस असावा तर असा. आई चहा टाकायची. दूध शेजारच्या गुजराती काकींकडून वाटीभर आणलेलं असायचं, मीच आणायचे मागच्या दारानं. आलेला माणूस कप खाली ठेवून पुन्हा म्हणायचा, झुकू नका हं."

कुणी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "आईनं एकदा जरी म्हटलं असतं, द्या लिहून, तर बाबांनी दिलं असतं. मला खात्री आहे. ती म्हणाली नाही. तिलाही ते तसेच हवे होते, ताठ. काय होणार हे तिला दिसत होतं, आणि तरी ती मशीनवर बसली."

मी ह्या बाबतीत पूर्णपणे वहिनींच्या बाजूचा आहे. ईडिपसचं पुढे काय होणार हे आपल्याला खुर्चीत बसून माहीत असतं, त्याला नसतं. ग्रीक नाटकाची सगळी ताकद त्यात आहे. घरात मात्र अशी खुर्ची नसते. पुढचं ज्याला दिसतं तो त्याच घरात राहून दळण दळत असतो, आणि आपण बाहेरच्या खोलीत नायकाला शाबासकी देत असतो. जाणूनबुजून थांबलेलं माणूस मला सुधाकरपेक्षा मोठं वाटतं. ते थांबणं चुकीचं होतं असं ठरलं, तरीही.

"केसचं काय झालं?" वकिलांना राहवेना.

"जिंकले. निकाल लागला तेव्हा बाबांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पैसे मिळाले."

"मग ही शोकांतिका नव्हेच!" प्राध्यापक म्हणाले.

"तुमच्याच ॲरिस्टॉटलला इफिजिनिया आवडते ना?" वहिनी म्हणाल्या. हे त्यांनी प्राध्यापकांकडूनच ऐकलेलं. "बहीण भावाचा बळी द्यायला निघते, ऐन वेळी ओळख पटते, दोघं वाचतात. कुणी मरत नाही, तरी तो त्या कथानकाला वरचा नंबर देतो."

"पण तिथं ओळख वेळेवर पटते," प्राध्यापक म्हणाले. "तुमच्या वडिलांना पटली का? आईनं काय केलं ते त्यांना कधी कळलं?"

वहिनी म्हणाल्या, "नाही. शेवटपर्यंत सांगायचे, मी एकट्यानं लढलो."