‘जॉब तयारच होता’ या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: स्टॉकचा रात्रीचा जॉब (रोज रात्री आपोआप चालून स्टॉकचे आकडे भरणारं काम) तयारच होता, तो फक्त वेब सर्व्हिस करून, म्हणजे नेटवरून हवा तेव्हा मागवता येईल असा करून, डीलरांच्या ॲपला जोडायचा होता. दुसऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, हे एका टिकमार्कचं काम. आम्ही त्याला तीन आठवडे लावले, वेगळं बिल केलं, आणि एवढं करून बटण दाबलं की आकड्याऐवजी ‘विनंती स्वीकारली’ असा निरोप येतो. शिवाय शनिवारी फोन उचलला नाही. तुमचं किंवा कंपनीचं नाव इथे घेत नाही. पण हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिकमार्कचं खरं आहे. तुमचा जॉब पेंटाहोच्या केटलमध्ये, म्हणजे डेटा एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यात ‘टेक्स्ट फाइल आउटपुट’ या स्टेपवर ‘पास आउटपुट टू सर्व्हलेट’ अशी एक चौकट असते. ती टिक करायची, केटलसोबत येणारा कार्टे हा छोटा सर्व्हर चालू करायचा, पत्त्यात ट्रान्सफॉर्मेशनचं (म्हणजे डेटावरच्या अशा स्टेप्सच्या साखळीचं) नाव घालायचं. जो मजकूर फाइलमध्ये पडायचा तो सरळ ब्राउझरमध्ये येतो. चहा संपायच्या आत होतं. पहिल्या बैठकीत मीच तुम्हाला हे करून दाखवलं होतं.

त्याच जॉबमध्ये दुसरा एक टिकमार्क आहे. त्याबद्दल तो माणूस बोललेला दिसत नाही. ‘टेबल आउटपुट’वरचा ‘ट्रंकेट टेबल’. जॉब सुरू झाला की आधी टेबल रिकामं करायचं, मग तिन्ही गोडाउनचा स्टॉक नव्याने भरायचा. रात्री दोन वाजता यात काहीच वावगं नाही. चालवणारा एकटा शेड्यूलर, बघणारं कुणी नाही, वीस मिनिटं लागली तर लागली. दिवसा तोच जॉब डीलरांच्या हातात दिला की काय होतं, ते तुमच्या अकाउंटच्या मॅडमनी टेस्टिंगला शेजारी बसून पाहिलंय. आम्ही दोन ब्राउझर उघडले. पहिल्यातून सर्व्हिसला कॉल केला, टेबल भरायला लागलं. अर्धं भरलेलं असताना दुसऱ्यातून कॉल केला. टेबल पुन्हा रिकामं झालं आणि दोन्ही रन त्यातच ओळी टाकू लागले. क्लच प्लेटचा स्टॉक आधी शून्य दिसला, नंतर गोडाउनमध्ये आहे त्याच्या दुप्पट. मॅडम म्हणाल्या, “हे डीलरला दिसलं असतं तर?” तिथून पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नाचं आहे.

मार्केट यार्डात रात्री ट्रक उतरवणं वेगळं आणि दुपारी गिऱ्हाइकाला पावशेर मिरची तोलून देणं वेगळं. म्हणून आम्ही जॉबचे दोन भाग केले. रात्रीचा भाग आता बाजूच्या टेबलात माल भरतो, आकडे जुळले की मगच टेबलांची अदलाबदल होते, त्यामुळे अर्धवट स्टॉक कुणालाच दिसत नाही. दुसरा भाग एका पार्ट नंबरचा स्टॉक सांगतो. तो नुसता वाचतो, काही पुसत नाही, आणि लगेच उत्तर देतो. ॲपमध्ये वरती जो शोधायचा चौकोन आहे तो हाच.

तुम्ही दाबताय ते खालचं बटण, ‘पूर्ण स्टॉक ताजा करा’. ते तिन्ही गोडाउनमधून सगळं नव्याने ओढतं. पुढे एनजिनएक्स आहे, म्हणजे बाहेरची विनंती घेऊन मागच्या सर्व्हरला देणारा सर्व्हर. मागचा सर्व्हर काहीच बोलला नाही तर तो ठरावीक वेळ वाट पाहतो, मुळातलं सेटिंग 60 सेकंदांचं, आणि मग 504, म्हणजे ‘वेळेत उत्तर आलं नाही’ ही एरर, देऊन मोकळा होतो. गंमत अशी की मागे जॉब चालूच राहतो. समोरच्याला ‘एरर’ दिसते, तो पुन्हा दाबतो, आणि दुसरा रन सुरू. सेटिंग वाढवून वीस मिनिटं करा, असं तुमच्या ॲपवाल्यांनी सुचवलं होतं. मोबाइलवर चाकणच्या रस्त्यावर उभा असलेला सेल्समन वीस मिनिटं एकच कनेक्शन धरून बसणार आहे का? म्हणून ती सर्व्हिस लगेच 202 देते, म्हणजे विनंती घेतली, काम अजून व्हायचंय, आणि सोबत एक आयडी. त्या आयडीने कार्टेला रन कुठवर आला ते विचारता येतं. हे विचारणारा पत्ता हँडओव्हरच्या कागदात दिलाय. ॲपने तो दर काही सेकंदांनी विचारून ‘दोन गोडाउन झाली, एक बाकी’ असं दाखवायला हवं होतं. तो स्क्रीन आमच्याकडे नव्हता, तरी ॲपवाल्या मुलांसोबत बसून तो करून द्यायला आम्ही तयार आहोत. त्याचं बिल लावणार नाही.

ऑर्डर घेणाऱ्या जॉबचं तुम्ही रिव्ह्यूत काही लिहिलं नाही, पण जास्त वेळ तिथे गेला. रेंज गेली, डीलरने परत ‘पाठवा’ दाबलं, तर ऑर्डर दोनदा पडता कामा नये. तुमची ई-इनव्हॉइस करणाऱ्याला हे चटकन कळेल. आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी नंबर, तयार होतो तो विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांवरून, त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवलं की पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत करतं. आम्ही डीलर कोड आणि ॲपमधला ऑर्डर नंबर यांची तशीच किल्ली केली. दुसऱ्यांदा आलेल्या विनंतीला पहिल्या ऑर्डरचंच उत्तर मिळतं.

आणि एक गोष्ट, जी चारचौघांत सांगायला थोडी नाजूक आहे. रात्रीच्या जॉबच्या आउटपुटमध्ये खरेदी दराचा कॉलम होता. आतल्या टेबलात पडत होता तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. टिकमार्क करून तसाच बाहेर काढला असता तर तुमचा खरेदी दर प्रत्येक डीलरच्या फोनवर गेला असता. त्यात कार्टेचं मुळातलं युजरनेम ‘क्लस्टर’ आणि पासवर्डही ‘क्लस्टर’. हे गुपित नाही, त्याच्या कागदपत्रांतच छापलेलं आहे. आम्ही ते बदललं, कार्टे आतल्या नेटवर्कमध्ये ठेवला, बाहेर फक्त एनजिनएक्स, आणि प्रत्येक डीलरला आत यायची स्वतःची वेगळी किल्ली.

बिलाबद्दल: ही ओळ कोटेशनमध्ये ‘जॉबची सर्व्हिस करणे, एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांसाठी’ अशी वेगळी होती आणि त्यावर तुमची मंजुरी आहे. फोनबद्दल: सपोर्टची वेळ संध्याकाळी सहापर्यंत, तुमचा फोन त्यानंतरचा. रात्रीचा सपोर्ट हवा असेल तर तो करार वेगळा आहे, दर पाठवतो.

सगळे जॉब आणि ट्रान्सफॉर्मेशन तुमच्याच गिटमध्ये (कोड जपून ठेवायच्या जागेत) आहेत, काही अडकवून ठेवलेलं नाही. त्या दुसऱ्या कंपनीकडे काम द्यायचं ठरलं तर खुशाल द्या, आम्ही हँडओव्हरला येऊ. फक्त त्यांना आधी एवढं विचारा की दोन डीलरांनी एकदम कॉल केला तर काय होईल, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, दोन ब्राउझर उघडून दाखवायला सांगा. मॅडमना शेजारी बसवा.