भूल उतरायची वाट बघू नका
दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावरच्या लेखात ‘दुखायला लागलं की गोळी घ्या’ असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीची अक्कलदाढ काढली तेव्हा जबडा बधिर होता तोवर ती निवांत होती. भूल उतरली, ठणका सुरू झाला आणि मग गोळी घेतली. पुढचा तास-दीड तास तिने गाल धरून, रडत काढला. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची साधी गोळी रक्तात पूर्ण चढायला दीड-दोन तास लागू शकतात. त्याचंच लायसिन किंवा सोडियम क्षाराचं रूप लवकर विरघळतं, साधारण पाऊण तासात ती पातळी गाठतं. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तसंच. पोटॅशियमवालं लवकर लागू पडतं, आतड्यात विरघळणारा लेप दिलेलं सोडियमवालं उशिरा. औषध एकच, पण दुखणाऱ्याला फरक केवढा! म्हणून पहिली गोळी कोणती आणि भूल उतरायच्या आत घ्यायची का, हे डेंटिस्टना खुर्चीतून उठण्याआधीच विचारा. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.