एच-इंडेक्स ६०, बरं मग?

एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. डावीकडे पेशीजीवशास्त्रातला एक संशोधक: २०० पेपर, २०,००० सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला निर्देशांक) ६०. उजवीकडे दुसरा, त्याचे पेपर जेमतेम २५. नावं झाकलेली, निकाल मात्र ठणकावून दिलेला: 'आकडे खोटं बोलत नाहीत. खरा शास्त्रज्ञ कोण ते कळलं ना?' खाली चार मुद्दे जोडलेत. एकेक घेऊ.

पहिला: 'सायटेशन जितकी जास्त, तितका शोध मोठा.' या हिशेबानं १९५१ साली ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला पेपर विज्ञानातल्या सर्वांत मोठ्या शोधांत बसायला हवा. त्याची सायटेशन तीन लाखांच्या वर आहेत. त्यात आहे काय, तर द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची रीत. अभिकर्मक घालायचा, निळा रंग येतो, रंग जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. पेशी फोडून काढलेला अर्क प्रोटीनं वेगळी करणाऱ्या जेलवर चढवायचा तर प्रत्येक नमुन्यात प्रोटीन सारखं हवं. म्हणून आधी मोजायचं, आणि मोजलं की लॉरींचा संदर्भ टाकायचा. हा काही थोर पेपर नव्हे, असं खुद्द लॉरीच म्हणत.

लेम्ली या संशोधकाची तर आणखी गंमत. त्यांचा १९७० चा पेपर, सायटेशन दोन लाखांच्या वर. पेपरचा विषय आहे टी-फोर या विषाणूचं डोकं जुळताना त्यातली प्रोटीनं कशी तुटतात. पण लोक त्याचा संदर्भ देतात तो प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या कृतीसाठी. त्या जेलसाठी लागणारं द्रावण, म्हणजे लेम्ली बफर, रोज हाताळणाऱ्यांपैकी किती जणांना त्या विषाणूच्या डोक्याचं पडलेलं असतं? मलाही बरीच वर्षं नव्हतं. दोन्ही पेपर अतिशय उपयोगी आहेत, यात वाद नाही. फक्त सायटेशन इथे वापर मोजतात, शोधाची उंची नाही.

दुसरा: 'एच-इंडेक्समध्ये सगळं येतं.' हा निर्देशांक २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. किमान ६० सायटेशन असलेले ६० पेपर असले की एच ६०. आता तक्त्याकडे परत बघा. २५ पेपरवाल्याचा एच २५ च्या वर जाऊच शकत नाही, मग त्याच्या एकेका पेपरला हजार सायटेशन असोत. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला!

शिवाय लेखकांच्या यादीत नाव कुठल्या जागी आहे हे एचला दिसत नाही. आमच्या पेशीजीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा ज्यानं प्रयोग केले त्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं, आणि मधलं कधीकधी नुसती अँटिबॉडी पुरवणाऱ्याचंही. मोजणीत सगळे सारखे. पेशी स्वतःचेच भाग पचवते त्या क्रियेचा, म्हणजे ऑटोफॅजीचा, अभ्यास कसा करावा याच्या मार्गदर्शक सूचना २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. लेखक दोन हजारांहून जास्त. त्या एका पेपरची सगळी सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात.

तिसरा: 'मोठ्या जर्नलमध्ये आलं म्हणजे दर्जा सिद्ध.' जर्नलचा दर्जा ज्यावरून ठरवतात तो इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्याच्या अलीकडच्या पेपरांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी. 'नेचर'नंच २००५ मध्ये संपादकीयात सांगितलं होतं की त्यांच्या आदल्या वर्षीच्या आकड्यातला ८९ टक्के वाटा फक्त २५ टक्के पेपरांचा होता. उरलेले पेपर त्याच पुण्याईवर मिरवतात. त्याच 'नेचर'मध्ये जानेवारी २०१४ मध्ये साध्या पेशींना आम्लाचा धक्का देऊन मूलपेशींसारखं बनवल्याचे स्टॅपचे पेपर आले आणि जुलैत मागे घेतले गेले.

उलट बाजूला जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी. उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या रिक्तिकेत (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशवीत), पचवणारी एन्झाइमं नसल्यामुळे, पचायला आलेल्या पेशीच्याच भागांचे बारीक गोळे साचून हलताना त्यांना साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ज्यांच्यात ऑटोफॅजी बिघडलेली आहे असे यीस्टचे उत्परिवर्तित प्रकार त्यांनी १९९३ मध्ये 'फेब्स लेटर्स' या तुलनेनं साध्या जर्नलमध्ये मांडले. तेव्हा या विषयावर काम करणारे थोडेच, मग सायटेशन देणार कोण? २०१६ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

चौथा मुद्दा खरं तर मुद्दा नाही, टोमणा आहे: 'आकड्यांना नावं ठेवतात ते ज्यांचे आकडे कमी.' जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं मोल ठरवू नका, असं सांगणारा 'डोरा' जाहीरनामा निघाला तो डिसेंबर २०१२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत, अमेरिकेतल्या पेशीजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात. आणि वर्षभरानं, पेशीतल्या वाहतुकीवरच्या कामासाठी नोबेल स्वीकारलं त्याच सुमारास, रँडी शेकमन यांनी एका लेखात जाहीर केलं की त्यांची लॅब यापुढे 'नेचर', 'सेल' आणि 'सायन्स'ला पेपर पाठवणार नाही. ते तेव्हा एका स्पर्धक जर्नलचे संपादक होते, हेही सांगायला हवं. पण नोबेल मिळवून देणारे आपले पेपर अशाच बड्या जर्नलांत छापून आले होते, हे त्यांनी त्याच लेखात कबूल केलं होतं. त्यांचे आकडे कमी होते, असं तक्ता बनवणाऱ्यालाही म्हणता येणार नाही.