हद्दीपलीकडे हल्ला : नवशिक्या राष्ट्रप्रमुखांसाठी

शेजारच्या देशात दडलेली सशस्त्र टोळी तुम्हाला छळते आहे? मग विमानं काढण्याआधी कागद काढा. बॉम्ब जरा इकडेतिकडे पडला तर निभावून नेता येतं, पत्र मात्र सुरक्षा परिषदेतच पडलं पाहिजे. त्यात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ घाला, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क. कलम २(४)च्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरू नये, असं काहीबाही त्यात आहे. ते शेजाऱ्याला लागेल, त्याच्यासाठी राहू द्या.

शेजारच्या सरकारने तुमच्यावर हल्ला केलेलाच नाही? मग ते ‘अनिच्छुक किंवा असमर्थ’ आहे म्हणा. २०१४ मध्ये सीरियात आयसिसवर बॉम्ब टाकताना अमेरिकेने हेच कळवलं होतं. हे शब्द सनदेत शोधत बसू नका, तिथे नाहीत. कोण असमर्थ हे ठरवणार कोण, असं कुणी विचारलंच तर प्रश्न कळला नाही असं दाखवा.

जुना दाखला जोडलेला बरा. १८३७ मध्ये कॅनडातल्या बंडखोरांना रसद पोचवणारी ‘कॅरोलाइन’ ही बोट ब्रिटिशांनी अमेरिकेच्या हद्दीत शिरून पेटवली आणि नायगराच्या प्रवाहात सोडून दिली. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी बजावलं, की स्वसंरक्षणाची निकड विचाराला क्षणाचीही उसंत न देणारी हवी. महिनाभर उपग्रहचित्रं न्याहाळून, पत्रकार परिषदेची वेळ ठरवून केलेला हल्लाही यात बसतो. थोडा दाबून बसवावा लागतो, इतकंच.

निवेदनाच्या भाषेसाठी मात्र जानेवारी २०२४ चा अभ्यास करा. इराणने पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात ‘जैश अल-अदल’ या इराणविरोधी सशस्त्र गटावर क्षेपणास्त्रं डागली. दोनच दिवसांनी पाकिस्तानने इराणमधल्या सिस्तान-बलुचिस्तानात बलुच बंडखोरांवर हल्ला केला. दोघांनीही एकमेकांना बंधुराष्ट्र म्हटलं. आम्ही टिपले ते दहशतवादी, त्यांनी मारली ती लहान मुलं, हेही दोघांनी सांगितलं. आठवड्याभरात राजदूतांना आपापल्या जागी परत धाडायचं ठरलं. मुलांच्या बाबतीत ती सोय नसते.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो सापडलाच नाही तर? घाबरू नका. १९१६ मध्ये पांचो व्हिया या मेक्सिकन बंडखोराला पकडायला अमेरिकेचे जनरल पर्शिंग हजारो सैनिक घेऊन मेक्सिकोत घुसले आणि पुढच्या वर्षी त्याच्याविनाच परतले. तेव्हा मोहीम यशस्वी झाल्याचं निवेदन फौज निघण्यापूर्वीच टाइप करून ठेवा. तारखेची जागा तेवढी कोरी सोडा.