कामून ओ पंच, किती घेतले?

नुकतेच पंच परीक्षा उत्तीर्ण होऊन परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या यात्रेतील कबड्डी स्पर्धेस निघालेल्या वाचकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की शिट्टी, घड्याळ आणि नियमपुस्तिका यांच्याबरोबर आपण आपला प्रामाणिकपणाही सोबत नेत असून परतताना यांपैकी पहिल्या तीनच वस्तू हाती लागतील. कबड्डीत मुख्य पंचास ‘सरपंच’ म्हणतात, हे या खेळाचे आपल्यावर मोठेच उपकार होत. कारण सरपंचाने पैसे खाल्ले, हे वाक्य आपल्याकडे आरोप म्हणून नव्हे, तर पाऊसपाण्याच्या गोष्टींत सहज उच्चारले जाते.

प्रशिक्षकाचा संशय बहुधा बोनस रेषेवर जागा होतो. बचावात किमान 6 खेळाडू असताना चढाईपटूने रेषेपलीकडे पाय टेकवला आणि त्याच क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असला, तर एक गुण द्यावा, इतका हा नियम सोपा आहे. परंतु दुपारी फक्कीने आखलेली ती रेषा रात्री दहापर्यंत निम्मी पुसलेली असते, हॅलोजन एकाच खांबावर असतो, आणि मागचा पाय हवेत होता की धुळीत, हे नेमके समोरच्या टोकाला तंबाखू मळत बसलेल्या प्रशिक्षकालाच दिसलेले असते. “कामून ओ पंच, किती घेतले?” अशी विचारणा झाल्यास रक्कम मुळीच सांगू नये, आपले खरे मानधन ऐकून तो हसेल आणि उरलीसुरली पतही जाईल. हिरवे कार्ड दाखवून ताकीद द्यावी. त्यापुढचा रंग काढण्यापूर्वी मात्र परतीची सोय पाहावी, कारण त्या वेळी तालुक्याला जाणारी एकुलती एक जीप बहुधा त्याच्याच मेव्हण्याची असते, आणि लाल कार्ड आजन्म खिशातच ठेवलेले कित्येक ज्येष्ठ पंच आज हातीपायी धड आहेत.

कॅमेरा असता तर वाद मिटला असता, या भ्रमात राहू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतील अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत असताना राखीव क्षेत्राचा, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचा, जुना नियम लावावा की नवा, यावर कॅमेऱ्यांच्या साक्षीने निर्णय फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला, त्यामुळे तो निर्णय न्याय्यच होता, याबद्दल आमच्या भागातील एकाही प्रशिक्षकाच्या मनात शंका नाही. इराणच्या प्रशिक्षकास कोणी विचारले नाही.

तेव्हा आपली सचोटी गुणफलकावर वाचावयास शिकावे. मध्यंतराला आपल्या सात पिढ्या उद्धरणारा प्रशिक्षक उत्तरार्धात संघाने लोण चढवताच, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करताच, “पंच एकदम चोख माणूस” म्हणत चहाचा कप पुढे करतो आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडचा प्रशिक्षक मोबाइल काढून आपले छायाचित्र टिपतो. दोघेही एका किटलीपाशी येईपर्यंत चहा घेऊ नये, हे उत्तम. पण तसे होत नसल्याने घरूनच थर्मास भरून न्यावा आणि तो चहा कोणी पाठवला, या प्रश्नाची तयारी म्हणून पत्नीची सही असलेली चिठ्ठी त्याच्या झाकणात ठेवावी.