सिग्नेचर डिफर्स

आमच्या मेलबॉक्समध्ये महिन्याला दोन-तीन पाकिटं अशी येतात की ज्यांच्यावर पत्ता माझा, अक्षर माझं आणि तिकीटही मीच लावलेलं. एकदा त्यातलं एक चुकून शेजारच्या गुजराती काकांच्या डब्यात पडलं, ते त्यांनी आणून दिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं हो काका, ठीक आहे, मला फक्त रिटायर झालेल्या बेसबॉल खेळाडूंच्या सह्या गोळा करायचा नाद आहे. त्यांना दुसरा खुलासा जास्त काळजीचा वाटला असावा.

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तीन तास उभं राहून बिया चघळायच्या आणि मधेच एकदा पळायचं, एवढीच समज. मग ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने त्याच्या टेबलावरचा सही केलेला बॉल हातात दिला आणि म्हणाला, शिवण मोज. १०८ दुहेरी टाके! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग जपाला घे की. जप राहिला बाजूला, मी सह्यांच्या नादी लागलो.

पद्धत सोपी आहे. म्हाताऱ्या खेळाडूला एक पानी पत्र लिहायचं, हाताने, फार पाल्हाळ नाही. सोबत त्याचं जुनं कार्ड, म्हणजे पुढे त्याचा फोटो आणि मागे खेळाचे आकडे छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आणि वाट बघायची. कधी दहा दिवसांत येतं, कधी वर्ष उलटून जातं आणि आपल्याला आठवतही नाही आपण कोणाला लिहिलं होतं, कधी नुसतंच पिवळं स्टिकर लावून परत येतं की या पत्त्यावर कोणी राहत नाही, आणि मग संध्याकाळी नेटवर शोधलं की कळतं गृहस्थ गेल्या मार्चमध्येच गेले. बायको म्हणते एवढे अर्ज नोकरीसाठी केले असतेस तर आज व्हाइस प्रेसिडेंट असतास.

या नादात सगळ्यात मोठी भीती खोट्या सहीची. जुन्या काळी टीमचे पोरगेलेसे बॅटबॉय साहेबांच्या वतीने ढीगभर बॉलवर सह्या ठोकायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तर एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढावी लागली. कॅलिफोर्नियातली एक टोळी पकडली, ती बेब रूथपासून मिकी मँटलपर्यंत सगळ्या दिग्गज खेळाडूंच्या सह्या घरबसल्या करत होती, आणि त्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले. म्हणजे कोणीतरी कुठेतरी ते खरे समजून घेतही असणार. म्हणून आता सही तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्या पैसे घेतात आणि सर्टिफिकेट देतात.

आणि मग दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. सहा महिने.

अण्णा एका बँकेत ३४ वर्षं होते, त्यातली निम्मी क्लिअरिंगला. म्हणजे चेक समोर आला की कपाटातलं नमुना सहीचं कार्ड, म्हणजे स्पेसिमेन, काढायचं, शेजारी धरायचं, जुळली तर पास, नाही तर 'सिग्नेचर डिफर्स' अशी चिठ्ठी लावून परत. सांगलीतल्या निम्म्या व्यापाऱ्यांनी त्यांचं तोंड चुकवलंय ते ह्याच दोन शब्दांपायी. सख्ख्या मामाचा चेक परत केला होता. मामा अजून लग्नात त्यांच्या पंगतीला बसत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं कपाट उघडलं, चष्मा पुसला आणि भिंग मागितलं. दुपारपर्यंत माझ्या आयुष्याच्या कमाईचे तीन ढीग झाले. पास, शंका, परत. परतचा ढीग सगळ्यात उंच.

"अण्णा, ही योगी बेराची आहे. दहा वर्ल्ड सिरीज जिंकल्यात त्याने, इथे माँटक्लेअरला राहायचा." योगी म्हटल्यावर ते जरा नरमले. खरं नाव लॉरेन्स. लहानपणी मांडी घालून हाताची घडी घालून बसायचा आणि मित्रांनी सिनेमात बघितलेल्या हिंदू योग्यासारखा दिसायचा म्हणून योगी पडलं, हे सांगितल्यावर अण्णांनी भिंग परत लावलं. "मग आपलाच म्हणायचा. पण ही सही त्याची नाही. बघ, दाब सगळीकडे सारखा आहे. खरा माणूस सही करतो, खोटा माणूस सही काढतो. चित्रासारखी." आणि योगी गेला परतच्या ढिगात. मी त्याला ११० डॉलर मोजले होते, हे अजून घरात कोणालाही माहीत नाही.

हल्लीच्या खेळाडूंच्या सह्या बघून तर त्यांचं डोकंच उठलं. एक आद्याक्षर आणि पुढे ईसीजी. "ह्यापेक्षा अंगठा बरा. अंगठ्याला निदान साक्षीदार लागतो." मी त्यांना हार्मन किलब्रूची गोष्ट सांगितली. मिनेसोटाचा, ५७३ होमरन मारलेला दांडगा माणूस, पण सही अशी की शाळेतल्या फळ्यावर लिहावी, आणि म्हातारपणी टीमच्या तरण्या पोरांना, टोरी हंटर वगैरेंना, बाजूला घेऊन बजावायचा की लोकांना नाव वाचता आलं पाहिजे, नीट लिही. अण्णा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा माणूस रिजनल ऑफिसला पाहिजे होता."

जुलैत त्यांना कूपर्सटाउनला नेलं. दोन हजारसुद्धा वस्ती नसलेलं गाव, पण बेसबॉलच्या दिग्गजांचं हॉल ऑफ फेम तिथे, आणि जुलैच्या शेवटी नव्या लोकांना आत घेतात तेव्हा पंढरीसारखी गर्दी होते. मेन स्ट्रीटवर दुकानांसमोर टेबलं टाकून जुने खेळाडू पैसे घेऊन सह्या देत बसतात. तिथे पीट रोज दर वर्षी यायचा, ते मी त्यांना सांगितलं. ४२५६ हिट्स, सगळ्यात जास्त, पण सट्ट्यापायी १९८९ मध्ये आजन्म बंदी, त्यामुळे जिवंतपणी हॉल ऑफ फेमचं दार बंदच राहिलं, तर हा बाबा त्याच रस्त्यावर टेबल टाकून बसायचा, आणि बॉलवर 'बेसबॉलवर सट्टा लावला, सॉरी' असंसुद्धा लिहून द्यायचा. अण्णा म्हणाले, वाळीत टाकलेल्याने देवळाच्या दारातच पेढ्याचं दुकान काढलं म्हण की.

पण खरा प्रकार झाला तो ऑक्टोबरात, आमच्या इथल्या एका हॉटेलातल्या कार्ड शोमध्ये. ऐंशी ओलांडलेला एक पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, येणार होता. नाव नाही सांगत, फार सज्जन माणूस. एका सहीचं तिकीट ६० डॉलर, वर काही लिहून हवं असेल तर त्याचे वेगळे. मी नेलं होतं त्याचं १९७१ चं, टॉप्स कंपनीचं कार्ड. त्या वर्षीच्या कार्डांना काळी किनार असते आणि फोटोवर खेळाडूची सही छापलेली असते. अण्णांनी ते लायनीत उभ्या उभ्या हातात घेतलं, छापील सही निरखली आणि एवढंच म्हणाले, "हां. स्पेसिमेन आहे."

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

चाळीस मिनिटांनी नंबर लागला. अण्णांनी आधी पेनला दोरी बांधलीय का ते बघितलं. म्हाताऱ्याने कार्ड घेतलं, निळा मार्कर उघडला. हात चांगलाच थरथरत होता, दुसऱ्या हाताने मनगट धरून त्याने सही केली, शेवटची दोन अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली. मी थँक यू सर म्हणून कार्ड उचलणार तेवढ्यात अण्णा पुढे झाले, नवी सही आणि छापील सही यांच्यावरून बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सिग्नेचर डिफर्स."

आयोजकाचा माणूस, बाउन्सरसारखा दिसणारा, खुर्चीतून उठला. मागची लाइन गप्प. म्हाताऱ्याने वर बघितलं. मी घामाघूम होऊन इंग्रजीत सांगायला लागलो की सर, माझे वडील, बँक, ३४ वर्षं, सवय, प्लीज. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांनी कार्ड उलटं केलं, आकड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि पेन्शनरला सांगावं तसं सांगितलं, "वन्स मोअर. ऑन द बॅक. नो हरी."

तो हसला. म्हणजे आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग कळलं हसतोय. बाउन्सर म्हणत होता दुसऱ्या सहीचं दुसरं तिकीट लागेल, त्याला त्याने हातानेच थांबवलं. आणि कार्ड टेबलाच्या कडेला घेऊन, जीभ जराशी बाहेर काढून, एकेक अक्षर असं लिहिलं की पहिलीतल्या पोराने लिहावं. मधे दोनदा थांबला. अण्णा वाकून बघत होते. "गुड," म्हणाले. "पास."

आणि मी काही करायच्या आत खिशातलं स्वतःचं बॉलपेन काढून त्यांनी त्या सहीखाली बारीकशी बरोबरची खूण केली, शेजारी आपली सही केली आणि तारीख घातली.

गाडीत मी बोलत नव्हतो. १९७१ चं कार्ड! अण्णा खिडकीबाहेर बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "एक तारखेला पेन्शनर यायचे ना, त्यांचं असंच असायचं. ऐंशीच्या माणसाची सही चाळिशीच्या कार्डाशी तंतोतंत जुळली तर उलट माझा संशय वाढायचा." मग वन्स मोअर कशाला म्हणालात, असं मी विचारलं. "नियम आहे. गिऱ्हाईक समोर असलं की परत करून घ्यायची."

डिसेंबरात ते परत गेले. कार्ड मी तपासणीला पाठवलं. दोन महिन्यांनी प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आलं, खेळाडूच्या दोन्ही सह्या खऱ्या, पण सोबत एक ओळ होती की मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने केलेली आणखी एक सही आहे, ती कोणाची ते ओळखता आलं नाही. हे मी फोनवर हसत हसत सांगितलं. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग, "ओळखता आली नाही म्हणजे? त्यांच्याकडे माझं स्पेसिमेन नसेल."

परवा रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. आत पांढरं कार्ड, त्यावर एकाखाली एक तीन नमुना सह्या, प्रत्येकीखाली तारीख. कोपऱ्यात लिहिलंय, 'कंपनीच्या रेकॉर्डला लावावे, पोच पाठवावी'. पहिल्या दोन अगदी तशाच, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायच्या तशा. तिसरी शेवटी जराशी खाली उतरलीय. मी भिंग परत ठेवून दिलं.

पोच पाठवायला परतीचं पाकीटही आहे, सांगलीचा पत्ता त्यांच्या अक्षरात. वर पाच रुपयांचं तिकीट लावलंय.