फ्लेक्सवरची माशी

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्स करायचा होता. मजकूर माझ्याकडे, कारण बायकोच्या माहेरी मी ‘लिहिणारा’ आहे.

चार दिवस घेतले. ‘कर्तृत्ववान’ नको, ‘आधारवड’ तर नकोच. खोडून खोडून उरलं ते एवढं: ‘कमी बोललात, पुष्कळ केलंत.’ दिवसाला एक शब्द पडला. रात्री अडीचला उठून स्वल्पविराम काढला, सव्वातीनला परत घातला.

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा पदं तेवढी लिहिलेली असत. बाकीचं पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. राक्षसाचं तर ‘अलल्लडुर्र’वर भागे! त्या गावात मी स्वल्पविरामासाठी जागतो.

दुकानातला पोरगा उजव्या हातानं भडंग खात होता, डाव्यानं टाइप करत होता.

“एवढंच?”

“एवढंच.”

“साहेब, आठ बाय चारचा फ्लेक्स हाय. मोकळा दिसतोय.” आणि स्वल्पविरामावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो काढतो. माशी बसल्यागत दिसतंय.”

मी विरामचिन्हांवर बोलायला लागलो. बोलताना आवाज चढतो माझा. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे फेटेवाले काका सरकून जवळ आले. त्यांच्या सोन्याचा वाढदिवस होता. सोन्या म्हणजे शर्यतीचा बैल. २०१४ ला कोर्टानं घातलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली, तेव्हापासून आमच्याकडे बैलांना माणसांपेक्षा बरे फोटो मिळतात.

“परत वाचा की ते,” काका म्हणाले.

वाचलं.

“आमच्या सोन्याचंच हाय हे! बोलतोय कुठं त्यो? आन् केलंय किती! दोन मोटरसायकली आणल्यात त्यानं.”

“अहो, हे सासऱ्यांसाठी आहे.”

“सासरं पळत्यात का?”

याला उत्तर काय द्यायचं? काकांनी डोळे मिटून ओळ दोनदा पुटपुटली, ‘केलंत’चं ‘केलंस’ केलं. हे मला सुचलं असतं तर त्यात एक आठवडा गेला असता. मग खिशातून पेढ्याचा पुडा काढून माझ्या हातावर ठेवला. मानधन! इतक्या वर्षांतलं पहिलं. पोरानं तोवर दोन्ही फ्लेक्स करून टाकले होते. सासऱ्यांना मिळालं ‘कर्तृत्वाचा महामेरू’, मागे सूर्यकिरणं आणि कोपऱ्यात एक गरुड. मी गरुडाला हरकत घेतली, तर ‘करेक्शनचे वेगळे पडतील’. गरुड राहिला. खरं सांगायचं तर फ्लेक्स बरा दिसत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सासऱ्यांनी महामेरू पाहिला आणि नेहमीसारखे गप्प राहिले.

परवा त्यांना घेऊन माधवनगरकडे निघालो होतो. नाक्यावर सोन्या, गळ्यात हार, बारा फूट रुंद. ‘कमी बोललास पुष्कळ केलंस.’ स्वल्पविराम नाही, अर्थातच. सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली. चष्मा पुसून वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे बरं लिहिलंय कुणीतरी,” म्हणाले.

लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या कुठल्याही ओळीवर हा माणूस बोलला नव्हता. आणि ती माझीच, हे सांगायचं तर तुमची ओळ मी बैलाला दिली, हेही सांगावं लागणार. मी गाडी सुरू केली.

“फक्त मधे एक स्वल्पविराम हवा होता,” सासरे म्हणाले.